भारतातली पदवी, कॅलिफोर्नियातला वर्ग: रेसिडेन्सीतून शिक्षक कसे व्हावे

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत शिकवायला राज्याच्या शिक्षक-परवाना आयोगाचं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, लागतं. बी.एड. नसलं तरी ते मिळवता येतं आणि त्याची एक चांगली वाट म्हणजे रेसिडेन्सी. यात एक पूर्ण शालेय वर्ष, किमान अर्धा वेळ, अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काम करायचं आणि सोबत विद्यापीठाचे अभ्यासक्रम पूर्ण करायचे. बहुतेक ठिकाणी स्टायपेंड मिळतो. शिकागोत २००१ आणि बॉस्टनमध्ये २००३ साली डॉक्टरांच्या रेसिडेन्सीच्या धर्तीवर असे कार्यक्रम सुरू झाले.

इंटर्नचा मार्ग याहून वेगळा. तिथे १२० तासांची पूर्वतयारी झाली की पहिल्या दिवसापासून वर्ग तुमच्या गळ्यात पडतो. पगार शिक्षकाचा मिळतो हे खरं, पण अमेरिकन शाळा आतून कधीच न पाहिलेल्या माणसाने त्या मोहात पडू नये.

१. पदवीचं मूल्यांकन: वर्षभर आधी

गाडी अडते ती इथे, म्हणून अर्जाआधी हेच हाती घ्या. आयोगाच्या यादीतल्या संस्थेकडूनच मूल्यांकन करून घ्या, तेही विषयवार. नुसतं ‘पदवी समकक्ष आहे’ असं पत्र पुरत नाही. चार वर्षांच्या बी.ई.ला सहसा अडचण येत नाही. बी.एस्सी., बी.कॉम. तीन वर्षांची असल्याने मूल्यांकनात संस्थेगणिक फरक पडतो. एम.एस्सी. केलं असेल तर त्याच्याही गुणपत्रिका जोडा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट पाठवावे लागतात, त्यामुळे पुण्या-मुंबईत हेलपाटे घालणारं कुणीतरी हवं.

नावाचा घोळही आधीच निस्तरा. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि मध्ये एकदा वडिलांचं, एकदा नवऱ्याचं, अशी कागदपत्रं असतील तर विवाह प्रमाणपत्र जोडूनच पाठवा.

२. कामाचा परवाना

एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) शिकता येतं, पण स्टायपेंड घ्यायचा तर कामाचा परवाना हवा. तो पुढच्या जूनपर्यंत, म्हणजे तिथलं शालेय वर्ष संपेपर्यंत, पुरतो का ते पाहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, त्यात दिरंगाई नको. स्टायपेंडवर कर कापला जाणार का, हेही विचारून घ्या. कापला जाणार नसेल तर दर तिमाहीला स्वतः भरण्याची तयारी ठेवा.

३. विषयाचं ज्ञान सिद्ध करणं

पदवी त्याच विषयाची असेल किंवा शिकलेले विषय ठरावीक घटकांशी जुळत असतील, तर परीक्षा टळू शकते. ते कार्यक्रमाच्या क्रेडेन्शियल विभागाकडून लेखी घ्या. इंजिनिअरची पदवी ‘गणित’ या नावाची नसल्याने अनेकांना सीसेट ही राज्याची विषयज्ञानाची परीक्षा द्यावीच लागते. गणिताचे तीन भाग आहेत, प्रत्येकात २२० गुण हवेत. पहिल्या दोन भागांवर फक्त पायाभूत गणित शिकवता येतं. कॅल्क्युलस शिकवायचं तर तिसराही काढा.

४. कार्यक्रम निवडताना

स्टायपेंडचा आकडा पाहून भुलू नका. त्यातून विद्यापीठाची फी वजा करा. नंतर त्याच शालेय जिल्ह्यात (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) किती वर्षं शिकवण्याचा करार आहे आणि तो मोडल्यास किती पैसे परत करावे लागतात, हे सहीआधी वाचा. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची टीच ग्रँट (होऊ घातलेल्या शिक्षकांसाठीचं अनुदान) मिळू शकते. पण आठ वर्षांत चार वर्षांची ठरलेली सेवा झाली नाही, तर ती व्याजासकट कर्ज होते.

मेंटॉर, म्हणजे ज्याच्या वर्गात तुम्ही काम कराल तो शिक्षक, कोण असेल, हेही विचारा. राज्याच्या अनुदानावरच्या कार्यक्रमांत त्याला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो त्याच विषयाचा, त्याच इयत्तेचा नसेल तर वर्षाचा निम्मा फायदा गेलाच.

५. ठसे आणि किरकोळ कागद

बोटांच्या ठशांसाठी लाइव्ह स्कॅनच्या (यंत्रावर ठसे घेण्याच्या पद्धतीच्या) ४१-एलएस फॉर्मच्या तीन प्रती न्या. ठसे दिले म्हणजे काम झालं असं समजून अनेकजण थांबतात; आयोगाकडे ऑनलाइन अर्ज आणि शुल्क वेगळं भरावं लागतं. शिवाय टीबीची तपासणी. अमेरिकेच्या संविधानाची अटही राहते: दोन सेमिस्टर युनिटचा कोर्स किंवा परीक्षा. भारतीय पदवीत ते नसतं, आणि शेवटच्या महिन्यात तेच आठवतं.

६. वर्गातलं वर्ष

राज्याची किमान अट ६०० तासांची आहे. रेसिडेन्सीत ती सहज ओलांडली जाते. सुरुवातीला निरीक्षण आणि छोटे गट, मग एकेक तासिका, आणि वसंत सत्रात सलग काही आठवडे पूर्ण जबाबदारी, असा क्रम मेंटॉरशी ऑगस्टमध्येच ठरवा. न ठरवल्यास तुम्ही वर्षभर झेरॉक्स काढत राहाल.

कॅलटीपीए ही कामगिरी-चाचणी दोन टप्प्यांत होते. तिच्यासाठी खऱ्या वर्गाचं चित्रीकरण लागतं आणि ज्या मुलांच्या पालकांची परवानगी नाही ती चौकटीत येता कामा नयेत. संमतिपत्रं सप्टेंबरमध्येच गोळा करा. आवाज नीट येत नसेल तर चांगला तासही वाया जातो, म्हणून आदल्या दिवशी माइक तपासा.

७. क्रेडेन्शियल हाती

सगळं पूर्ण झालं की विद्यापीठ आयोगाला शिफारस पाठवतं आणि तुम्हाला शुल्काचा ईमेल येतो. तो स्पॅममध्ये पडला आणि नेमणूक लांबली, असंही होतं. मिळणारं क्रेडेन्शियल सुरुवातीचं (प्रिलिमिनरी), पाच वर्षांचं असतं. त्या काळात साधारण दोन वर्षांचं इंडक्शन (नव्या शिक्षकांसाठीचा मार्गदर्शन कार्यक्रम) पूर्ण केल्यावर ‘क्लिअर’ क्रेडेन्शियल मिळतं, त्याचं दर पाच वर्षांनी फक्त नूतनीकरण करायचं. नोकरीच्या मुलाखतीत इंडक्शनचा खर्च जिल्हा उचलतो का, ते जरूर विचारा.