ऑफिसात सांगण्याआधी: पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या कशा जमवाव्यात

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या फार नसतात. सगळं सुरळीत असेल तर तीन ते पाच. पण त्यातली निदान एक अशी असते की तिची तारीख सरकवता येत नाही, आणि नेमक्या याच दिवसांत ऑफिसात कुणाला काही सांगायची इच्छा नसते. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून टाका: ऑफिसात सांगणं लांबवलं तरी चालेल, तपासणी लांबवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींप्रमाणे पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. प्रत्यक्षात ती ६ ते ८ आठवड्यांतच झालेली बरी.

आधी आठवडे मोजा

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २८ दिवसांचं चक्र असेल तर पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. चाचणी पॉझिटिव्ह आली, दोन आठवडे विचारात गेले, की सहावा आठवडा संपतो. चाचणी आली त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर तीन टप्पे मांडा.

पहिला टप्पा ६ ते ८ आठवड्यांचा: डॉक्टरांची भेट आणि पहिली सोनोग्राफी. ही बऱ्याचदा आतून, म्हणजे योनीमार्गातून करतात. तिला लघवीला जाऊन यायचं असतं. पोटावरून करणार असतील तर उलट, मूत्राशय भरलेलं लागतं. कोणती करणार हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, नाहीतर पाणी पिऊन वाट बघण्यात तासभर जातो. सहा आठवड्यांच्या आत गेलात तर बऱ्याचदा हृदयाचे ठोके दिसत नाहीत आणि एक-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. तारखेची खात्री नसेल किंवा पाळी अनियमित असेल तर असं परत जाणं जवळपास ठरलेलंच धरा. पहिली भेट घाईने पाचव्या आठवड्यात घेण्यापेक्षा सातव्यात घ्या, एक रजा वाचते. मात्र आधी गर्भ नळीत राहिला असेल, किंवा आता दुखत असेल, रक्त जात असेल, तर हा हिशेब लागू नाही. लगेच जा.

दुसरा टप्पा रक्त-लघवीच्या तपासण्यांचा: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, बऱ्याच ठिकाणी थायरॉइडही. बहुतेक एकदाच रक्त घेऊन होतात. वेळखाऊ आहे ती ग्लुकोज पिऊन करायची साखरेची चाचणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. बऱ्याच ठिकाणी ती २४ ते २८ आठवड्यांत करतात, पण घरात मधुमेह असेल किंवा वजन जास्त असेल तर सुरुवातीलाच सांगू शकतात. मधे उलटी झाली तर चाचणी बाद होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं. म्हणून महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी ती ठेवू नका.

तिसरा टप्पा एनटी स्कॅनचा, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीचा. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात ती होते, कारण बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान असतानाच ते माप धरता येतं. डबल मार्कर या, बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषांची शक्यता पाहणाऱ्या चाचणीचं रक्तही साधारण याच सुमारास देतात. ही तारीख आधी पक्की करा आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. अर्धा दिवस मोकळा ठेवा. बाळ नीट वळलेलं नसलं तर ‘जरा फिरून या’ म्हणतात, आणि वीस मिनिटांची स्कॅन दोन तासांवर जाते. बाराव्या आठवड्यात घेतलीत तर काही राहिलं तर परत यायला आठवडाभर हाताशी असतो. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस ती सवड राहत नाही.

वेळ कोणती घ्यायची

स्कॅन आणि रक्तासाठी सकाळची अगदी पहिली वेळ घ्या, कारण दवाखान्यातला उशीर दिवसभर साचत जातो. डॉक्टरांच्या नुसत्या भेटीसाठी उलट संध्याकाळची शेवटची वेळ बरी. उशीर झाला तरी तो तुमच्या स्वतःच्या वेळेतून जातो. भेट आणि रक्त एकाच फेरीत होईल का, रिपोर्ट फोनवर मिळतील का, घरी येऊन रक्त नेतात का, हे तीन प्रश्न रिसेप्शनवर विचारलेत तर एखादी फेरी सहज कमी होते.

सकाळी मळमळ जास्त असेल तर उपाशीपोटीच्या तपासणीनंतर लगेच खायला काहीतरी कोरडं पिशवीत हवंच. थेट कामावर गेलात तर पहिला तास कठीण जातो.

रजा मागताना काय म्हणायचं

कमी सांगा, पण खरं सांगा. ‘मंगळवारी सकाळी माझी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, साडेअकरापर्यंत येते. त्या दिवशीचा रिपोर्ट सोमवारीच देऊन ठेवते.’ एवढं पुरतं. वेळ नेमकी सांगितली आणि कामाची सोय आधीच लावली की पुढचे प्रश्न फार येत नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर ‘नेहमीच्या तपासण्या चालू आहेत, काळजीचं काही नाही’ म्हणा आणि कामाच्या विषयावर या.

दात दुखतोय, नातेवाईक आजारी आहेत, असलं काही रचू नका. दातांचा बहाणा एकदा चालतो. तिसऱ्या वेळी कुणीतरी आपुलकीने दाताची चौकशी करतं आणि खोटं वाढवावं लागतं. शिवाय दोन महिन्यांनी बातमी सांगाल तेव्हा सगळेजण मागचे दिवस जुळवून बघणारच. ‘तपासण्या चालू होत्या’ हे तेव्हाही खरंच ठरतं.

हाफ डे, किरकोळ रजा, बदली सुट्टी, घरून काम, उशिरा येऊन उशिरा जाणं, यातलं जे ज्या दिवशी बसेल ते वापरा. सगळ्या रजा पहिल्या तिमाहीतच संपवू नका. पुढे २८ आठवड्यांपर्यंत साधारण महिन्याला एक भेट असते, नंतर त्या वाढतात. घेतलेल्या प्रत्येक रजेची तारीख आणि कारण स्वतःकडे लिहून ठेवा. काही ठिकाणी गरोदरपणामुळे झालेली आजारपणाची रजा वेगळी मोजतात, आणि बातमी दिल्यावर मागच्या नोंदी बदलून मिळतील का ते विचारता येतं.

ऑफिसने दाखला मागितला तर डॉक्टरांना सांगा की ‘अमुक तारखेला, अमुक वेळेत तपासणीसाठी आल्या होत्या’ एवढंच लिहा. लेटरहेडवर प्रसूतिगृह छापलेलं असेल तर सही करण्याआधीच साधा कागद मागा.

बातमी फुटते कुठून

तोंडून क्वचितच. फुटते ती कॅलेंडरमधून. ऑफिसच्या कॅलेंडरवर ‘एनटी स्कॅन’ लिहिलेलं सहकाऱ्यांना दिसू शकतं. तिथे नुसतं ‘व्यस्त’ ठेवा. दवाखान्याला ऑफिसचा ईमेल किंवा डेस्कचा फोन नंबर देऊ नका. रिपोर्ट ऑफिसच्या प्रिंटरवर काढू नका. स्क्रीन शेअर करताना वर झळकणारे मेसेज बंद ठेवा, फोनच्या लॉक स्क्रीनवरही मजकूर दिसू देऊ नका. कंपनीचा आरोग्यविमा वापरणार असाल तर दावा कुणाच्या हातून जातो ते आधी विमा कंपनीलाच विचारा. तो एचआरमार्फत जात असेल तर बिल जपून ठेवा आणि मुदतीत बसत असेल तर नंतर द्या. आणि रक्त दिल्यावर हातावरची चिकटपट्टी कामावर शिरण्याआधी काढा.

आधीच सांगावं लागतं तेव्हा

तीन परिस्थितींत बारा आठवडे थांबू नका. पहिली, काम स्वतःच धोक्याचं असेल: क्ष-किरण, शिसं, सॉल्व्हंट, भुलीचे वायू, कर्करोगावरची औषधं हाताळणं, संसर्गाच्या वॉर्डातली ड्युटी, जड वजन उचलणं. अवयव घडण्याचा काळ हाच पहिल्या तिमाहीतला आहे, बारा आठवड्यांनी मिळालेली बदली उशिराची असते. दुसरी, उलट्यांनी कामच होत नसेल. तिसरी, रजा नाकारली जात असेल किंवा गैरहजेरीवरून ताकीद मिळत असेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण शिफारशीतही तपासणीसाठी काम सोडून जाण्याची मुभा मालकाला कळवल्यानंतरची आहे. कळवलं नसेल तर संरक्षण मागताना अडचण येऊ शकते, म्हणून आपल्याकडचा कायदा आणि कंपनीचं धोरण आधी वाचा. अशा वेळी सगळ्यांना नाही, मॅनेजर किंवा एचआर अशा एकाच व्यक्तीला सांगा, लेखी सांगा आणि ‘हे तूर्त आपल्यातच ठेवा’ हेही त्याच ईमेलमध्ये लिहा.

रजेची वाट न बघता जायचं तेव्हा

रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन पडणं, ताप, किंवा दिवसभर पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं काहीही झालं तर ‘तब्येत बरी नाही, दवाखान्यात जाते आहे’ एवढा निरोप ठेवून निघा. पटकन पाठवता यावा म्हणून हा मेसेज आजच फोनमध्ये लिहून ठेवा, आणि सोबत येऊ शकेल अशा एका माणसाचा नंबर सगळ्यात वर ठेवा. गर्भ टिकला नाही तर त्या रजेचं कारणही ‘वैद्यकीय उपचार’ एवढंच सांगून चालतं. पुढे कुणाला सांगायचं आणि किती, हे तुमच्याच हातात राहतं.