इंग्लंडमधील जुने पॅरिश चर्च कसे पाहावे : खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या भागांतील अनेक घरांची मुले आता नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतात आणि त्यांच्याकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांना लंडन पाहून झाल्यावर पुढे काय पाहावे असा प्रश्न पडतो. अशांनी मुलाच्या घराजवळच्या एखाद्या खेड्यातील जुने पॅरिश चर्च पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गाव आणि त्याचा परिसर. मध्ययुगात उभारलेली अशी हजारो चर्चे तेथे आजही वापरात आहेत आणि त्यांतील बरीच दिवसा उघडी असतात.

बलसाण्याची किंवा पाटणची मंदिरे ज्याने लक्षपूर्वक पाहिली आहेत, त्याला दगडी इमारत पाहण्याची सवय असते. फक्त नजर कोठे ठेवायची ते बदलावे लागते. आपली यादवकालीन मंदिरे खांब आणि तुळया यांच्यावर उभी आहेत, त्यांत खरी कमान नाही आणि दगड बहुधा चुन्यावाचून एकमेकांत बसवलेले आहेत. त्यामुळे आपण आत शिरताच खांब आणि छत पाहतो. इंग्लंडमधील चर्च चुन्यात बांधलेले आणि कमानींवर पेललेले असते, म्हणून तेथे आधी कमान आणि खिडकी पाहावी. दुसरा फरक काळाविषयीचा आहे. वाघळीच्या शिलालेखात शके ९९१ आणि पाटणच्या शिलालेखात शके ११२८ असे वर्षच कोरलेले सापडते, पण इंग्रजी पॅरिश चर्चवर असा लेख क्वचितच असतो. यॉर्कशायरमधील कर्कडेल येथे दारावर बसवलेल्या सूर्यघड्याळावर ऑर्म नावाच्या माणसाने पडके चर्च विकत घेऊन एडवर्ड राजाच्या आणि टॉस्टिग सरदाराच्या काळात पुन्हा उभारले असे कोरलेले आहे, आणि त्यावरून ते काम १०५५ ते १०६५ या दरम्यानचे ठरते. पण तो अपवाद. एरवी काळ दगडाच्या घडणीवरूनच ओळखावा लागतो.

सोबत लहान दुर्बीण, टॉर्च आणि वही घ्यावी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून दुसरा दिवस निवडावा. आत जाताना जोडे काढायचे नसतात, पुरुषांनी टोपी मात्र काढावी. दाराजवळ माहितीपत्रके ठेवलेली असतात; ती घ्यावीत, पण लगेच वाचू नयेत.

प्रथम बाहेरून प्रदक्षिणा करावी. प्रवेशाची पडवी बहुधा दक्षिणेला असते. तेथून इमारत उजव्या हाताला ठेवून निघाल्यास प्रथम पश्चिमेचा मनोरा, मग उत्तरेची भिंत आणि शेवटी पूर्वेचे टोक लागते. वेदी पूर्वेला असते, त्यामुळे होकायंत्र नसले तरी दिशा चुकत नाही. लोकांनी बसण्याचा लांब भाग म्हणजे नेव्ह आणि त्यापलीकडील वेदीचा भाग म्हणजे चॅन्सल. आपला सभामंडप आणि गाभारा यांच्याशी त्यांचे नाते सहज जुळते. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवावी, कारण पुढची बरीच कोडी तिच्यामुळे सुटतात : चॅन्सलच्या दुरुस्तीचा भार धर्मगुरूच्या उत्पन्नाचा जो मालक असेल त्याच्यावर आणि नेव्हचा भार गावकऱ्यांवर असे. म्हणून एकाच चर्चचा नेव्ह उंच आणि श्रीमंत, तर चॅन्सल बुटके आणि नेव्हहून दोनशे वर्षांनी जुने, असे दृश्य पुष्कळदा दिसते.

मनोऱ्यापाशी आल्यावर त्याच्या पूर्वेकडील अंगावर, नेव्हच्या छपराच्या वर दुर्बीण लावावी. तेथे दगडात उलट्या पाचरीसारख्या दोन तिरप्या उठावदार रेघा दिसल्या, तर त्या जुन्या छपराच्या खुणा होत. पूर्वीचे छप्पर गवताचे किंवा कौलांचे असल्याने त्याला तीव्र उतार लागे. पुढे शिशाचे पत्रे आले, त्यांना कमी उतार चालतो, म्हणून नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग काढली गेली आणि जुन्या छपराची कड मनोऱ्यावर उघडी राहिली. कधी हीच खूण नव्या छपराच्या आत, चर्चमध्ये उभे राहिल्यावर दिसते. नॉरफोकमध्ये मनोरे गोल दिसले तर नवल करू नये. तेथे कोपऱ्यांना लागणारा घडीव दगड मिळत नसे आणि गारगोटीच्या गोट्यांत गोल मनोरा कोपऱ्यांवाचून बांधता येतो.

आता खिडक्या. थॉमस रिकमन याने १८१७ मध्ये या शैलींना दिलेली नावे आजही चालतात. अर्धगोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी आणि दाराभोवती दातेरी नक्षी असेल तर काम नॉर्मन, म्हणजे १०६६ पासून साधारण ११९० पर्यंतचे. टोकदार कमानीची, अरुंद आणि भाल्यासारखी उभी खिडकी अर्ली इंग्लिश, साधारण १२५० पर्यंतची. खिडकी रुंद होऊन तिच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी खेळू लागली की ते डेकोरेटेड, साधारण १३५० पर्यंतचे. या काळात तीन पाकळ्यांच्या अर्धवट उमललेल्या फुलात गोळी धरल्यासारखी बारीक कोरीव नक्षीही आढळते. आणि तळापासून निघालेले दगडी गज न वळता थेट कमानीपर्यंत उभे गेले असतील तर ते पर्पेन्डिक्युलर, जे सोळाव्या शतकापर्यंत चालले. टोकदार कमान केवळ शोभेसाठी आली नाही. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते. टोकदार कमान मात्र रुंदी कमी-जास्त असली तरी हव्या त्या उंचीला नेता येते. खिडक्या वाढल्या तशी भिंत कमी झाली आणि छताचा रेटा पेलण्यासाठी बाहेरून खोल, पायरीपायरीने मागे सरणारे दगडी पुस्ते द्यावे लागले. नॉर्मन भिंतीचे पुस्ते मात्र पट्टीसारखे चपटे असतात. म्हणून खिडकी आणि तिच्या शेजारचा पुस्ता नेहमी एकत्र पाहावा.

नॉर्मन काम जवळून पाहायचे असेल तर हेरफर्डशायरमधील किलपेक येथे जावे. सुमारे ११४० च्या या लहानशा लाल वालुकाश्माच्या चर्चचे दक्षिण द्वार आपल्या द्वारशाखा आठवाव्यात इतके कोरलेले आहे : बाजूच्या खांबावर वेलींत गुंतलेले लढवय्ये, वर शेपट्या तोंडात धरलेले प्राणी, मध्ये झाड. छपराच्या कडेखाली दगडी तोंडांची ओळ चर्चभोवती फिरते. त्यांत एक कुत्रा आणि एक ससा असे शेजारी बसले आहेत की पाहणाऱ्याला हसू यावे. मंदिरांवरील कामशिल्पांचे समर्थन करता करता थकलेल्यांनी तेथील उघडीवाघडी स्त्रीप्रतिमाही पाहून घ्यावी.

पर्पेन्डिक्युलरची मोठी चर्चे लोकरीच्या पैशावर उभी आहेत. कॉट्सवोल्डमधील नॉर्थलीच येथे जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या पायांखाली मेंढी आणि लोकरीचे गाठोडे कोरलेले दिसते. सफोकमधील लॅव्हनमचे चर्च कापडाच्या धंद्याने मोठे केले. कापसाच्या भावावर घराचा मजला चढतो किंवा थांबतो, हे खानदेशाला वेगळे सांगायला नको.

आत गेल्यावर प्रथम नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या कमानींच्या रांगा ताडून पाहाव्यात. लोकसंख्या वाढली की जुनी भिंत फोडून तिच्यात कमानी घालत आणि बाहेर ओवरीसारखा भाग जोडत. पैसा एकदम जमत नसल्याने एक बाजू आधी आणि दुसरी कित्येक वर्षांनी होई. एकीकडे जाड गोल खांब आणि अर्धगोल कमानी, दुसरीकडे सडपातळ अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी, असा फरक दिसला की दोन पिढ्यांचे काम समोर आहे असे समजावे. त्यानंतर चॅन्सलच्या दक्षिण भिंतीत एक कोनाडा शोधावा, ज्याच्या तळाशी पाणी जाण्याचे भोक असते. तेथे पूजेची पात्रे धुतलेले पाणी ओतत. असा कोनाडा बाजूच्या ओवरीत सापडला तर तेथे एके काळी दुसरी वेदी होती हे नक्की. नेव्ह आणि चॅन्सल यांच्या सीमेजवळ, भिंतीत उंचावर, कोठेच न जाणारे दार दिसेल. तेथे पूर्वी लाकडी पडद्यावर सज्जा आणि त्यावर क्रूस होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत तो काढला, भिंतीवरची चित्रे चुन्याने झाकली आणि जिना तेवढा राहिला. १६४३–४४ मध्ये विल्यम डाउझिंगने सफोक आणि केंब्रिजशायरमधील चर्चांतून मूर्ती आणि रंगीत काचा फोडत फेरी काढली, त्यामुळे जुनी काच टिकलेली ठिकाणे थोडी आहेत. ग्लॉस्टरशायरमधील फेअरफोर्ड येथे १५०० च्या आसपासच्या २८ खिडक्यांचा संच राहिला आहे. तो ऊन असताना पाहावा.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक चर्चांचा जीर्णोद्धार झाला आणि त्यात जुन्या खिडक्या काढून नव्या, पण जुन्या शैलीच्या बसवल्या गेल्या, आतला गिलावा खरवडून दगड उघडे केले गेले. याच प्रकाराला विरोध म्हणून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. म्हणून कमानीचा आकार पाहून थांबू नये, तिच्या कडा पाहाव्यात. शेजारचा दगड झिजलेला आणि खिडकीच्या कडा मात्र धारदार, एकसारख्या छिन्नीच्या असतील, तर ती खिडकी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली असण्याची शक्यता अधिक. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला तर एक बांधकाम तेथे संपून दुसरे सुरू झाले आहे. आणि जुनी खिडकी नव्या भिंतीत पुन्हा वापरण्याची रीत असल्यामुळे भिंतीचा काळ एकट्या खिडकीवरून ठरवू नये.

प्रत्येक भागाचा अंदाज वहीत लिहून झाल्यावर मग माहितीपत्रक उघडावे. अंदाज आणि पत्रक यांत तफावत आढळली तर पुन्हा त्या भिंतीपाशी जाऊन आधी सांधा आणि मग छिन्नीच्या खुणा तपासाव्यात.