सीमधून आरची गणिती फंक्शन्स कॉल करताना या चुका टाळा

नागपूर परिसरात पाऊस, कापूस, संत्रा आणि माती यांच्या नोंदींवर काम करणारे विद्यार्थी बरेचदा आर ही संख्याशास्त्रीय भाषा वापरतात आणि सिम्युलेशन संथ पडू लागले की त्याचा गाभा सी या वेगवान भाषेत लिहून काढतात. हा मार्ग योग्यच आहे, कारण नॉर्मल, गॅमा, बीटा इत्यादी वितरणांची आरमधली फंक्शन्स मुळात सीमध्येच लिहिलेली आहेत आणि आरमॅथ ही हेडर फाइल जोडली की ती थेट कॉल करता येतात. मात्र नाव तेच राहिले तरी आर आपल्या वतीने जी कामे मुकाट्याने उरकते, ती येथे आपल्या अंगावर येतात. ती राहून गेली तर प्रोग्रॅम बहुधा बंद पडत नाही, चुकीचा आकडा देऊन पुढे जातो, आणि म्हणूनच या चुका जास्त घातक आहेत.

सर्वांत महाग पडणारी चूक गॅमा वितरणात होते. आरमधल्या आरगॅमाला, म्हणजे गॅमा वितरणातून यादृच्छिक संख्या काढणाऱ्या फंक्शनला, शेपनंतर (वितरणाचा आकार ठरवणाऱ्या आकड्यानंतर) रेट अपेक्षित असतो. सीमधल्या आरगॅमाला मात्र स्केल, म्हणजे रेटचा व्यस्त, द्यावा लागतो. समजा, पावसाळी दिवसाच्या पावसासाठी शेप ०.८ आणि रेट ०.०५ असे ढोबळ आकडे घेतले, तर आरमध्ये सरासरी ०.८ भागिले ०.०५, म्हणजे १६ मिलिमीटर येते. तेच आकडे जसेच्या तसे सीमध्ये दिले, तर भागाकाराचा गुणाकार होतो आणि सरासरी ०.०४ मिलिमीटरवर येते. भारतीय हवामान विभाग किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाळी दिवस मानतो, त्यामुळे ही चूक निदान नजरेत भरते; रेट १ च्या आसपास असेल तर ती प्रबंध छापून होईपर्यंत लपून राहू शकते. एक्स्पोनेन्शियल वितरणाचेही हेच आहे. व्यस्त काढताना १.० भागिले रेट असेच लिहावे, कारण रेट पूर्णांक प्रकारात असेल तर १ भागिले २ चे उत्तर सीमध्ये शून्य येते.

सीमध्ये आर्ग्युमेंटना (फंक्शनला पुरवायच्या माहितीला) आपोआप मिळणारी मूल्ये नसतात. पीनॉर्मला, म्हणजे नॉर्मल वितरणातली संभाव्यता काढणाऱ्या फंक्शनला, मूल्य, सरासरी, प्रमाण विचलन, खालची बाजू हवी की नाही आणि लॉग हवा की नाही, अशी पाचही आर्ग्युमेंट द्यावी लागतात. शेवटची दोन पूर्णांक असल्याने त्यांची अदलाबदल झाली तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. वरच्या बाजूची संभाव्यता १ मधून वजा करून काढू नये. प्रमाण नॉर्मल वितरणात १० या मूल्यासाठी वजाबाकीने शून्य मिळते, तर चौथे आर्ग्युमेंट शून्य ठेवल्यास ७.६ गुणिले १० चा उणे २४ वा घात हे खरे उत्तर मिळते.

यादृच्छिक संख्यांच्या बाबतीत गेट-आरएनजी-स्टेट हा कॉल आधी आणि पुट-आरएनजी-स्टेट नंतर करणे बंधनकारक आहे. दुसरा राहिला तर सीडची (संख्या कुठून सुरू करायच्या ते ठरवणाऱ्या बीजाची) स्थिती आरकडे परत जात नाही, पुढचा कॉल पुन्हा त्याच जागेपासून सुरू होतो आणि बूटस्ट्रॅपच्या (नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने काढण्याच्या पद्धतीच्या) प्रत्येक फेरीत तोच नमुना येऊन प्रमाण त्रुटी शून्य दिसते. अशी शून्य त्रुटी दिसली की सर्वांत आधी हीच ओळ तपासावी. या दोन कॉलच्या मध्येच एरर देऊन बाहेर पडल्यासही हाच परिणाम होतो, म्हणून आर्ग्युमेंटची तपासणी अगोदर उरकावी. हे कॉल लूपच्या आत ठेवू नयेत: यादृच्छिक संख्या बनवण्याच्या नेहमीच्या मर्सेन ट्विस्टर पद्धतीत ही स्थिती ६२६ पूर्णांकांची असते आणि दर फेरीला तिची ने-आण केल्यास सीमध्ये येऊन मिळवलेला वेग वाया जातो. आरला सी++ जोडणाऱ्या आरसीपीपी पॅकेजच्या एक्स्पोर्ट सोयीने बांधलेल्या फंक्शनमध्ये ही व्यवस्था आपोआप होते. एकाच वेळी अनेक कामे समांतर चालवणाऱ्या ओपनएमपीच्या समांतर भागातून मात्र ही फंक्शन्स मुळीच कॉल करू नयेत. आरचा सी इंटरफेस त्यासाठी सुरक्षित नाही.

पर्जन्यमापकाची एखाद्या दिवसाची नोंद नसेल आणि स्तंभ पूर्णांक प्रकाराचा असेल, तर ती गहाळ नोंद सीमध्ये उणे २१४७४८३६४८ या आकड्याच्या रूपात येते आणि एकटीच साऱ्या हंगामाची सरासरी बुडवते. असा स्तंभ आधी प्रकार बदलणाऱ्या कोअर्स-व्हेक्टरने दशांश प्रकारात आणावा, मग गहाळ मूल्य ओळखणारे इझ-नॅन लावून गहाळ नोंदी वगळाव्यात. आरमधून सीचे फंक्शन बोलावणाऱ्या डॉट-कॉलने आलेला व्हेक्टर (मूल्यांची यादी) ही प्रत नसून मूळ वस्तूच असते, तेव्हा तिच्यात काही लिहायचे असल्यास आधी प्रत करून घ्यावी.

कोअर्स-व्हेक्टरने तयार झालेली नवी वस्तू प्रोटेक्ट केली नाही, म्हणजे ती वापरात आहे असे आरला कळवले नाही, तर स्मृती मोकळी करताना आर ती केव्हाही पुसू शकते, आणि तोच प्रोग्रॅम कधी चालतो तर कधी कोसळतो. अशा वेळी जीसी-टॉर्चर (स्मृती वारंवार मोकळी करायला लावणारी आरची सोय) चालू करून तो चालवावा, म्हणजे दोष लवकर उघड होतो. त्याने वेग फार मंदावत असल्याने चाचणीसाठी दहा-वीस नोंदीच घ्याव्यात.