माथेरानच्या मापाची रेल्वे, आपल्या अंगणात

बागेत रेल्वे करायची म्हटलं की पहिली चौकशी इंजिनाची होते. इंजिन शेवटी घ्या. आपल्याकडे अशी रेल्वे बंद पडते ती बहुधा जमिनीमुळे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि एका मोसमात रुळांची लेव्हल जाते. म्हणून पुढचा बराचसा मजकूर खणणं, भरणं आणि पाणी काढणं यांवरच आहे.

माप आधी ठरवा

नेरळ-माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. ते १९ पट लहान केलं की ३२ मिमी होतं. ब्रिटनमध्ये बागेतल्या नॅरोगेजसाठी हेच माप सर्वाधिक रुळलेलं आहे. एका फुटाला १६ मिमी या हिशेबामुळे तिथे त्याला ‘सोळा मिमी स्केल’ म्हणतात. घरातल्या ओ-गेज गाड्यांचे रूळही ३२ मिमीचेच असल्यानं या मापाची चाकं आणि रुळांच्या पट्ट्या तयार मिळतात.

बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली शकुंतला गाडी मनात असेल तर जरा अडचण आहे. त्या अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमीच्या होत्या. १९ पट लहान केल्यावर ४० मिमी येतात आणि त्या मापाचे तयार रूळ बाजारात नाहीत. मग ३२ मिमीवरच डबे थोडे लहान करून चालवायचे किंवा ४५ मिमीच्या रुळांवर थोडे मोठे. ४५ मिमीचा जर्मन जी-स्केल मुळात मीटरगेजसाठी आहे, प्रमाण १:२२.५. पहिल्या कामासाठी माथेरानचंच माप घ्यावं. त्याला आणखी एक कारण आहे.

माथेरानच्या घाटातलं सर्वात तीव्र वळण ६० फूट त्रिज्येचं, म्हणजे सुमारे १८.३ मीटर. १९ नं भागलं की ९६ सेंमी. खऱ्या रेल्वेचं वळण बागेत आणताना बहुधा ते फारच आवळावं लागतं, इथे मात्र ते जसंच्या तसं बसतं. चढ मात्र माथेरानचा घेऊ नका. तिथे १:२० चा चढ आहे, म्हणजे मीटरला ५ सेंमी. अशा चढावर गाडीच्या दर किलोमागे ५० ग्रॅमचा ओढा मागे लागतो आणि उतारावर रेडिओ कंट्रोल नसलेलं वाफेचं इंजिन सुसाट सुटतं. १:५०, म्हणजे मीटरला २ सेंमी, ही कमाल मर्यादा धरा. वळणं तर सपाटच ठेवा, कारण वळणाचं घर्षण आणि चढ एकत्र आले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात.

जागा आणि आखणी

सुरुवातीला एक लांबट गोल आणि एक सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ, पुरे. ९६ सेंमी त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं (६ मीटर) आणि ३ मीटरच्या दोन सरळ बाजू मिळून १२ मीटर मार्ग होतो. त्याला साधारण ५.२ × २.२ मीटर जागा लागते. पेको कंपनीच्या एसएम-३२ फ्लेक्सिबल रुळाची एक पट्टी ९१४ मिमीची असते. मुख्य मार्गाला १४ पट्ट्या, सायडिंगला २ आणि एक पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा), एवढं मागवा. पॉइंट हात पोहोचेल तिथेच ठेवा, कारण सर्वात जास्त वेळा साफ करावा लागतो तोच.

आखणीसाठी वळणाच्या मध्यावर खुंटी ठोका. त्रिज्या दोरीनं मोजू नका, ती ताणली जाते. लाकडी पट्टीला ९६ सेंमीवर भोक पाडून फक्कीनं चाप काढा. सरळ भाग जिथे वळणाला मिळतो तिथली शेवटची ३० सेंमी सैल घ्या, साधारण २ मीटर त्रिज्येची. सरळ रूळ एकदम वळवला तर लांब डब्याला तिथे झटका बसतो.

झाडांचाही विचार आत्ताच करा. उंबर, पिंपळ, बांबू यांची मुळं काँक्रीट उचलतात. गुलमोहराखालून मार्ग नेला तर त्याची बारीक पानं पॉइंटच्या खाचेत अडकून गाडी वर्षभर घसरत राहते.

पाया

काळ्या मातीत ३० सेंमी रुंद आणि तेवढाच खोल चर खणा. निघालेली माती चरात परत घालू नका. चर मुरुमानं भरा. १२ मीटरला अर्धा ब्रास मुरूम लागतो. तो ७-८ सेंमीच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुम्मसनं ठोका. एकदम सगळा भरून वरून ठोकला तर खालचा भाग सैलच राहतो आणि पहिल्या पावसात बसतो. जमिनीच्या पातळीखाली अडीच सेंमीवर मुरूम थांबवा. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर एवढं खणायची गरज नाही, १० सेंमी पुरे. पण तिथला पाऊस लक्षात घेऊन मार्ग जमिनीपासून ८-१० सेंमी वर घ्या.

आता एक गोष्ट नकाशावर सहज निसटते. गोल मार्ग म्हणजे बागेत घातलेला बांधच. आत पडलेलं पाणी बाहेर जायला वाट राहिली नाही तर मधल्या भागाचं तळं होतं, मुरूम भिजून मऊ पडतो आणि त्यावरची काँक्रीटची पट्टी तडकते. काँक्रीट ओतण्याआधीच उताराच्या बाजूला चार ठिकाणी २ इंची पीव्हीसी पाइप आडवे टाका. तोंडाला जाळी लावा, नाहीतर त्यांत बेडूक राहायला येतात.

वर काँक्रीटची पट्टी, १५ सेंमी रुंद आणि ७.५ सेंमी जाड. प्रमाण १:२:४, खडी १० ते १२ मिमीची. एक पोतं सिमेंट, त्याच मापानं दोन पोती वाळू किंवा क्रश सँड आणि चार पोती खडी एवढा माल १२ मीटरला पुरून थोडा उरतो. वळणाच्या साच्यासाठी ४ मिमीचं प्लायवूड वाकवा. दर दीड मीटरवर थर्माकोलची ६ मिमी पट्टी घालून सांधा सोडा. तो सोडला नाही तरी काँक्रीट तडा देऊन आपला सांधा करतंच, फक्त नको तिथे.

पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं घ्या. लांबीच्या दिशेनं थोडा फरक चालतो, आडवा मात्र चालत नाही. छोट्या मालडब्याला स्प्रिंग नसते. १५ सेंमीच्या अंतरात एक रूळ एक-दीड मिमी खाली गेला तर चौथं चाक अधांतरी राहतं आणि पुढच्या वळणावर बाहेर चढतं. गाडी घसरते वळणावर, पण दोष असतो त्याआधीच्या पिळात. तिथेच स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून बघा.

सात दिवस ओलं गोणपाट घालून क्युरिंग करा.

रूळ टाकणं

निकेल सिल्व्हरचा रूळ तापला की वाढतो. पुण्यात थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ९१४ मिमीची पट्टी सुमारे पाऊण मिमी वाढते, म्हणजे १२ मीटरमागे एक सेंटिमीटर. थंड सकाळी काम करत असाल तर प्रत्येक जोडात १ मिमी फट ठेवा, मेच्या दुपारी जवळजवळ भिडवा. फट नसेल तर रूळ वळणावर बाहेर फुगतो आणि स्लीपरच्या (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) प्लॅस्टिकच्या पकडी तोडतो.

फ्लेक्सिबल पट्टी वाकवली की आतला रूळ बाहेर सरकतो. तो करवतीनं कापा आणि कापलेली कड कानसीनं गोल करा. आत राहिलेली खरखर चाकाच्या कडेला वर उचलते. वळणातल्या जोडाशी रूळ सरळ व्हायला बघतो आणि तिथे कोपरा तयार होतो. म्हणून पट्टी टाकण्याआधीच रेल बेंडरनं शेवटची १० सेंमी हव्या त्या त्रिज्येला वाकवून घ्या. दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर न आणता थोडे मागेपुढे ठेवा.

सरळ भागात दर ४०-५० सेंमीवर, वळणात २५-३० सेंमीवर प्लग घालून बारीक स्टेनलेस स्क्रू लावा. स्लीपरचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडा, स्क्रू घट्ट बसला की अर्धा फेरा उलटा फिरवा. रुळाला सरकायला जागा हवी. वरून ३ ते ६ मिमीची धुतलेली कच पसरा, २५ लिटर पुरते. तिच्यात सिमेंट मिसळायचा मोह होतो. मिसळू नका, रूळ जखडतो आणि दुरुस्तीला छिन्नी लागते. पावसात थोडी कच वाहून जाणारच, एक पोतं जास्तीचं आणून ठेवा.

मार्ग झाला की मालडब्यावर पुठ्ठ्याची चौकट बसवा, मध्यरेषेपासून दोन्हीकडे ९ सेंमी आणि रुळावर २२ सेंमी उंच. ती ढकलत पूर्ण फेरी मारा. जिथे दगड, फांदी किंवा फलाटाची कड लागेल तिथे गाडीही लागणार. चाकंही एकदा कॅलिपरनं मोजा. जोडीतल्या चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये २८ मिमी अंतर हवं. ते कमी असेल तर पॉइंटमध्ये चाक चढतं.

पहिलं इंजिन बॅटरीचंच

रुळांतून वीज देऊ नका. आपल्या धुळीत आणि दमटपणात रूळ रोज घासावे लागतात. बॅटरी इंजिनात ठेवली की हा प्रश्नच मिटतो, आणि सगळं सामान पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. १८६५० प्रकारचे तीन लिथियम सेल सीरिजमध्ये, त्यांना साजेसं ३-एस बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट), ३ अँपिअरचा फ्यूज, १२ व्होल्टची गिअर मोटर, दोन्ही दिशांना चालणारा स्पीड कंट्रोलर आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ.

मोटरचा वेग असा ठरतो. खरी गाडी ताशी १२ किमी धरली तर १९ पट लहान गाडी सेकंदाला साडेसतरा सेंमी चालायला हवी. २८ मिमीच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला १२० फेरे लागतात. म्हणून २०० आरपीएमची मोटर १:१ बेव्हल गिअरनं जोडा. ५०० आरपीएमची मोटर घेतली तर गाडी खेळण्यासारखी पळते, आणि हळू चालवली की धक्के देते. २६०० एमएएचचे सेल ०.७ अँपिअरवर साडेतीन तासांच्या आसपास चालतात. इंजिनाचं वजन दीड-दोन किलो हवं. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची शिशाची वजनं चाकांच्या बरोबर वर चिकटवा. मागच्या बाजूला जास्त झाली तर पुढचं चाक हलकं पडून घसरतं.

वाफेचं इंजिन चालवताना

तयार गॅसवरच्या इंजिनांचा क्रम ठरलेला आहे. इंजिन थंड असतानाच सगळं भरा: लुब्रिकेटरमधलं (वाफेत तेल सोडणाऱ्या डबीतलं) पाणी काढून ४६० ग्रेडचं स्टीम ऑइल, मग बॉयलरमध्ये पाणी, शेवटी ब्युटेन. गरम इंजिनात गॅस भरला जात नाही, कारण टाकीतला दाब कॅनमधल्या दाबापेक्षा जास्त असतो. भरताना ३ मीटरच्या आत ज्योत नको. भरून झाल्यावर दोन मिनिटं थांबा, सांडलेला गॅस विरू द्या.

बोअरचं पाणी वापरलं तर बॉयलरमध्ये क्षार बसतात. बॅटरीच्या दुकानातलं पाणी बऱ्याचदा डीआयोनाइज्ड असतं. तेही पितळी भागांना सोसत नाही असं मानतात, म्हणून टाळलेलं बरं. डिस्टिल्ड पाणी घ्या किंवा पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन स्वच्छ ताडपत्रीवरचं पाणी गाळून बाटल्यांत भरून ठेवा. आपल्याकडे ते फुकट आणि भरपूर मिळतं.

थंड देशांत गॅसची टाकी कोमट पाण्यात ठेवतात, आपल्याकडे अडचण उलटी आहे. ब्युटेनचा दाब २० अंशांना हवेपेक्षा साधारण १ बार जास्त असतो, ४० अंशांना जवळजवळ पावणेतीन बार. एप्रिल-मेमध्ये झडप नेहमीच्या निम्मीही उघडावी लागत नाही. ज्योत धुराड्याशी पेटवा, झडप अगदी थोडी उघडा, ‘फट्’ आवाज होऊन ज्योत आत बर्नरवर जाते. इंजिन घूं-घूं करत असेल तर गॅस जास्त आहे. प्रोपेन मिसळलेले कॅम्पिंगचे कॅन उन्हाळ्यात वापरू नका. घरगुती सिलिंडरमधून गॅस काढून भरणं तर धोक्याचं आणि बेकायदेशीर, दोन्ही आहे.

दाब आला की रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, हळूच उघडून इंजिन हातानं पुढे-मागे ढकला. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी धुराड्यातून उडतं, तेव्हा त्यावर वाकून बघू नका. ते पाणी निघण्याआधी जोर दिला तर पिस्टन अडतो. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालतं. गॅस पाण्याआधी संपेल अशा बेतानंच ते बनवलेलं असतं, म्हणून मध्येच गॅस भरून पाणी तपासायचं विसरू नका.

पावसाळ्यात

माथेरानच्या गाडीचा नेरळकडचा भाग पावसाळ्यात बंद ठेवतात, बागेतली गाडीही ठेवावी. मेअखेरीस आडवे पाइप साफ करा, पॉइंटच्या पात्यांना पातळ तेल लावा, स्टेशनं आणि सिग्नल घरात घ्या. लिथियम सेल पूर्ण भरून ठेवू नका, अर्धे चार्ज करून कोरड्या डब्यात ठेवा. हरळी कचेतून वर आली की लगेच मुळासकट काढा, दोन महिन्यांनी ती स्लीपर उचलते. दसऱ्याच्या सुमारास काँक्रीटच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना काठी टोचत एक फेरी मारा. घूस पट्टीखालून बीळ काढते आणि वरून काहीच दिसत नाही. काठी आत गेली तर तिथे ओला मुरूम कोंबून ठोका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.