ग्वाल्हेरला पहिलाच हिवाळा असेल तर हे वाचा

पुण्या-मुंबईकडून बदली होऊन आलेली मंडळी डिसेंबरच्या सुरुवातीला हमखास म्हणतात, थंडी ना, आम्हाला तर आवडते. आवडणारच, खरी अजून सुरू कुठे झालीये! जानेवारीत कोहरा (दाट धुकं) बसला की दिवसदिवस ऊन नाही, शीतलहरीत रात्रीचा पारा पाच डिग्रीच्या खाली, त्यात शहरातल्या लश्कर भागातली जुनी उंच छताची दगडी घरं, दुपारीसुद्धा बाहेरपेक्षा आत जास्त गार.

सोबत म्हातारे आईवडील किंवा तान्हं बाळ असेल तर हायपोथर्मिया घरात बसल्याबसल्या पण होतो हे लक्षात ठेवा. शरीराचं आतलं तापमान ३५ डिग्री सेल्सियसच्या खाली गेलं की तोच. कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर झगडतंय, माणूस गारठलाय आणि कुडकुडायचा थांबलाय तर मात्र पळा. आमच्या शेजारचे आजोबा एकदा सकाळी स्वेटरचं एकच बटण लावत बसलेले, बोटं चालेनात, जीभ जड, विचारलं तर म्हणे मला कुठे थंडी वाजतेय. घरच्यांना वाटलं झोप झाली नसेल. सुनेने स्वेटरच्या आत हात घातला तर पोट गार! साध्या काचेच्या थर्मामीटरच्या भरवशावर राहू नका, त्याचे आकडेच ३५ पासून सुरू होतात. बाळाचं तर आणखी फसवं, गाल गुलाबी दिसतात पण अंग गार, सुस्त, दूध ओढत नाही.

अशा वेळी १०८ ला फोन लावा, ओले कपडे काढा, डोकं झाकून रजई, ऊब छाती-मानेला द्या, बाळाला आईच्या उघड्या अंगाशी. हातपाय चोळू नका, गार रक्त एकदम हृदयाकडे गेलं तर धोका. कोणीतरी ब्रँडी सुचवेलच, अजिबात नाही, तिने नुसतं गरम वाटतं, उलट कातडीतून उष्णता निघून जाते. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड चहा.

आणि बंद खोलीत सिगडी नको म्हणजे नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

राहता राहिली संक्रांतीची पहाटेची अंघोळ. आजी हट्ट करतील, पण उन्हं आल्यावर, गरम पाण्याने, आणि केस लगेच कोरडे. देवाला चालतं, मी आमच्या गुरुजींना विचारलंय.