पाण्याच्या रसायनशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी रूप विचारा, मग आकडा

रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून पर्यावरणाच्या कामाकडे वळणारी मुलं-मुली आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी येतात. समीकरणं पाठ असतात, उपकरणंही भराभर हाताशी येतात. अडतं ते एका साध्या प्रश्नापाशी: या पाण्यात नायट्रोजन आहे, मग ते चांगलं की वाईट? पोषकद्रव्यं, प्रदूषण आणि विषारीपणा ही पुस्तकात तीन वेगळी प्रकरणं असतात. नदीत मात्र तिन्ही एकत्र नांदतात, बऱ्याचदा एकाच मूलद्रव्याच्या पोटात. म्हणून नवीन माणसाला मी आधी नायट्रोजनच्या मागे लावते.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं. त्यात नायट्रोजन येतो तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि यात ऑक्सिजन खर्ची पडतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ४.६ ग्रॅम! ३० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनही तो सगळा संपवू शकतो. वरून हवेतला ऑक्सिजन मिसळत राहतो म्हणून नदी तग धरते. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून बघा. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) हे शब्द मग कोरडे वाटत नाहीत.

पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. माशांच्या जिवावर उठतो तो प्रामुख्याने मुक्त अमोनिया. २५ अंशांना पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) ७ असेल तर त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ९ झाला की तोच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो. आता दुपारचं हिरवंगार पाणी डोळ्यांसमोर आणा. शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो आणि सकाळी निमूट असलेला अमोनिया दुपारी विषारी ठरतो. पाण्यात सांडपाण्याचा नवीन थेंबही पडलेला नसतो. पोषण, प्रदूषण, विषबाधा हे सगळं एकाच तळ्यात, एकाच दिवसात घडतं.

शेवाळ एवढं माजतं कशामुळे, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या तलावाने दिलं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी तलावाच्या मध्ये पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. फॉस्फरसची बाजू हिरवी झाली, दुसरी तशीच राहिली. त्याचा वरून घेतलेला फोटो जरूर शोधून बघा. आपल्याकडे दर उन्हाळ्यात यंत्रं लावून जलपर्णी काढली जाते. ती काढायलाच हवी, पण तिला पोसणारं सांडपाणी येत राहिलं तर ती पुन्हा येणारच.

एककांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून वाचा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, तर अमेरिकेची १०. वाचणाऱ्याला वाटतं, आपण किती सैल आहोत. प्रत्यक्षात पहिला आकडा संपूर्ण नायट्रेट आयनचा आहे आणि दुसरा त्यातल्या फक्त नायट्रोजनचा. ४५ ला १४ ने गुणून ६२ ने भागा, उत्तर १० च्या जवळ येतं.

धातूंतही आधी रूपच विचारायचं. त्रिसंयोजी क्रोमियम तुलनेने सौम्य, षट्‍संयोजी क्रोमियम कर्करोगकारक. अहवालात नुसतं ‘एकूण क्रोमियम’ लिहिलं असेल तर धोका नेमका किती, हे त्यावरून सांगता येत नाही.

हाताने करायची एक चाचणी मनापासून शिका: विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन मोजणं. मीटर सगळीकडे आहेत, तरीही. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, नदीकाठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. शहराच्या खालच्या अंगाला घेतलेल्या बाटलीत तो पांढरा साका खाली बसताना बघणं जड जातं.

बाटल्यांचे नियमही रूपाशीच बांधलेले आहेत. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. त्याच बाटलीतून नायट्रेट मोजायचं नाही, कारण ते आम्ल स्वतःच नायट्रेट देतं. षट्‍संयोजी क्रोमियमच्या नमुन्यात आम्ल घालायचं नाही, कारण त्याचं त्रिसंयोजी होऊन बसतं. अमोनियासाठी सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात आणि बाटली बर्फात ठेवतात. पण त्याआधी, आम्ल न घातलेल्या पाण्याचा पीएच आणि तापमान काठावरच मोजा आणि शेजारी वेळ लिहा. मुक्त अमोनियाचा वाटा काढायला पीएच आणि तापमान लागतात, तो वाटा दिवसातल्या कोणत्या वेळेचा हे वेळेवरून कळतं, आणि प्रयोगशाळेत परतल्यावर हे आकडे कुठूनही मिळत नाहीत.