शेवटच्या डुबकीची वाळू गाडीतच राहू नये म्हणून

दिवेआगर-श्रीवर्धनची सहल संपवून परतताना 'शेवटचं एकदा' म्हणून पोरं पाण्यात जातात, आणि मग तीच ओली वाळू सीटच्या शिवणीत महिनाभर निघत राहते. आमच्याकडे आता हे असं चालतं:

१. निघायच्या सकाळीच पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये गोडं पाणी भरून डिकीत कडेला ठेवायचं.

२. पाण्यातून आल्यावर लगेच पाय धुवायचे नाहीत. आधी टॉवेलने टिपायचे, मग पोटऱ्या-पावलांवर साधी टाल्कम पावडर चोळायची. पावडर ओल शोषून घेते आणि चिकटलेली वाळू हाताने झटकली की गळून पडते. (पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता.) पोरांच्या तोंडाजवळ मात्र पावडर उडवू नका.

३. मग कॅनचं पाणी. एका माणसाला लिटरभर पुरतं.

४. ओले कपडे झाकणाच्या बादलीत. सुकट, बोंबील घेतले असतील तर स्टीलच्या घट्ट डब्यात, तोही वर्तमानपत्रात गुंडाळून. हे विसरलात तर वाळू परवडली म्हणाल.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. खारं पाणी पत्र्याला गंज आणतं.

आणि पाय धुवायला सोपं पडेल म्हणून गाडी किनाऱ्यावर उतरवू नका. ओल्या वाळूत चाकं रुततात, भरती कोणासाठी थांबत नाही.